ऑइलमध्ये पाणी आलंय? हेड लगेच उतरवू नका

१ जूनपासून मासेमारी बंद झाली की बंदरावर आम्हा मिस्त्री लोकांचा मोसम सुरू होतो. ३१ जुलैपर्यंत बोटी वर ओढलेल्या असतात आणि त्यात एखादा तांडेल (बोटीचा प्रमुख) हमखास येतो : "मिस्त्री, ऑइल पांढरं पडलंय. हेड गॅस्केट गेली. कधी खोलताय?" म्हणजे रोगही त्यानेच ठरवलेला आणि औषधही. (हेड म्हणजे सिलिंडरवरचं जड झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालचं पातळ सील.)

आयटीआयला मेकॅनिक डिझेल करून नव्याने या कामात येणाऱ्या मुलांनी अशा वेळी पाना खाली ठेवावा. पहिला प्रश्न पाणी कुठून आलं हा नाही. पाणी कुठलं आहे, हा आहे. समुद्राचं, कूलंटचं (इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं) की पावसाचं? एवढं कळलं तरी निम्मं इंजिन संशयातून सुटतं.

मुळात पाणी आहे का, ते बघा. ऑइल भरायच्या झाकणाखालीच थोडा पांढरा साका आहे, डिपस्टिक स्वच्छ आहे आणि पातळी वाढलेली नाही, तर बहुधा इंजिन थोडा वेळ चालवून गार असतानाच बंद करण्याची सवय नडलेली असते. लोड देऊन नीट तापू द्या, साका जातो. शंका असेल तर गरम पत्र्यावर ऑइलचे दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. चष्मा घाला, थेंब उडतात.

मग इंजिन रात्रभर तसंच राहू द्या. पाणी जड, ते चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) तळाशी बसतं. सकाळी ड्रेन प्लग हळूहळू सैल करा, पहिली धार पारदर्शक बाटलीत धरा. रंगावरून कूलंट कधीकधी लगेच ओळखू येतं. खारं की गोडं, हे जिभेने ठरवू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोडसर लागतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेटचं थोडं द्रावण मिळालं तर त्या पाण्यात थेंब टाकून बघा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं, त्यामुळे दाट पांढरा साका धरतो. नळाचं पाणी जेमतेम धूसर होतं.

खारं निघालं तर हेडकडे बघूही नका. गिअरवर चालणारा समुद्राच्या पाण्याचा पंप आधी काढा. त्यात दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूला आणि एक ऑइलच्या. दोघांच्या मधे खाली एक बारीक भोक असतं. पाण्याचं सील गेलं की तिथून पाणी बाहेर ठिबकावं, हा त्याचा उपयोग. पण ते रंगाने किंवा मिठाने बुजलेलं असतं, कधी कुणीतरी "गळतंय" म्हणून एम-सील लावून बंद केलेलं! मग पाणी शाफ्टवरून थेट टायमिंग केसमध्ये (गिअरांच्या पेटीत) आणि तिथून ऑइलमध्ये जातं. ऑइल कूलरला (पाण्याने ऑइल थंड करणाऱ्या भागाला) समुद्राचं पाणी असेल तर दुसरा संशयित तो.

कूलंट निघालं आणि हेडर टँकची (कूलंटच्या वरच्या टाकीची) पातळीही उतरते आहे, तर टँकमध्ये डोकवा. वर ऑइलचा तवंग आहे का? इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून कूलर फुटला की ऑइल पाण्यात जातं आणि बंद केल्यावर पाणी ऑइलमध्ये येतं. दोन्हीकडे घाण दिसली तर आधी कूलर काढून हवेच्या दाबाने पाण्यात बुडवून तपासा.

कूलर चांगला निघाला तर चेंबर उतरवा, कूलिंग सिस्टीमला सुमारे एक बारचा दाब द्या आणि टॉर्च घेऊन खाली आडवे व्हा. इथे घाई करू नका. थेंब यायला कधी तास लागतो. लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या) बाहेरच्या कडेने थेंब आला तर खालचे ओ-रिंग (रबरी सील) गेलेत. लायनरच्या आतून, पिस्टनच्या कडेने आला तर लायनरला भोक, हेडला तडा किंवा गॅस्केट. हेड उतरवायची वेळ आता आली.

पावसाचं पाणी आपल्याकडचं खास दुखणं. मच्छीमारी बोटींचा सायलेन्सर बहुधा सरळ वर गेलेला असतो, आणि बंदीत त्यावर डबा पालथा घालायचं राहून जातं. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात पाणी साचतं आणि रिंगांमधून खाली उतरतं. अशा इंजिनाला सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी इंजेक्टर काढा, मग हाताने फिरवा.

कारण सापडलं तरी पांढरं ऑइल इंजिनात ठेवू नका. खारं पाणी बेअरिंगला लवकर खातं. स्वस्त ऑइल भरून थोडं चालवा, काढा, फिल्टर बदला, रंग स्वच्छ येईपर्यंत.

हे काम आवडलं तर कोचीच्या सिफनेटचा (केंद्र सरकारच्या मासेमारी प्रशिक्षण संस्थेचा) मरीन फिटरचा दोन वर्षांचा कोर्स बघा. चेन्नई आणि विशाखापट्टणमलाही त्यांची केंद्रं आहेत. आणि बंदरावरच राहणार असाल तर कारण शोधायचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे ठरवून घ्या. ओ-रिंगची किंमत मालकाला दिसते, चेंबरखाली आडवं पडून काढलेली दुपार दिसत नाही.