डिफॉल्ट हॅश बदलला, पण जुने पासवर्ड तसेच? या चुका टाळा

मध्यंतरी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर सर्व्हर बघायला गेलो होतो. "सर, डेबियन ११ टाकलंय की, आता सगळं यस्क्रिप्टमध्येच हाय," तिथला पोरगा म्हणाला. यस्क्रिप्ट म्हणजे डेबियन लिनक्सच्या ११ व्या आवृत्तीतली पासवर्ड साठवायची डिफॉल्ट पद्धत. पासवर्डचे हॅश (पासवर्डवरून बनवलेली अक्षरांची माळ) जिथं असतात, ती शॅडो फाइल उघडली. बहुतेक ओळींत हॅशची सुरुवात डॉलर-सहा-डॉलर, म्हणजे एसएचए-५१२ ही आधीची पद्धत. हिशेब बघणाऱ्या अण्णांच्या ओळीत तर डॉलर-एक-डॉलर, म्हणजे त्याहून जुनी एमडी५क्रिप्ट! ते लिहिणाऱ्या पॉल-हेनिंग काम्प यांनीच २०१२ साली 'आता यावर विसंबू नका' असं जाहीर केलं होतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. डिफॉल्ट पद्धत लागू होते ती यापुढं ठेवलेल्या पासवर्डला. हॅशवरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही, त्यामुळं सिस्टिम जुने हॅश परस्पर बदलू शकत नाही. 'चेज' कमांडनं शेवटच्या बदलाची तारीख शून्य करा, म्हणजे पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावाच लागतो. अण्णांच्या शेजारी बसून तो बदलून घेतला आणि त्यांच्या ओळीत डॉलर-वाय-डॉलर आलेलं बघितलं, मगच चहा घेतला.

फक्त लॉगिन-डेफ्स ही खात्यांच्या सेटिंगची फाइल बदलून थांबू नका. पासवर्ड बदलताना मध्ये पॅम ही लॉगिन-पासवर्ड सांभाळणारी यंत्रणा असते; पॅम-युनिक्सच्या ओळीत दुसरी पद्धत लिहिलेली असेल तर तीच चालते.

नव्या मशीनची शॅडो फाइल सेंटओएस ७ सारख्या जुन्या मशीनवर चिकटवली, की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. लोक कीबोर्ड तपासत बसतात. जुन्या मशीनला यस्क्रिप्ट कळतच नाही, एवढंच कारण असतं. दोन्हीकडं एकच फाइल लागणार असेल तर एसएचए-५१२ ठेवा, पण राउंड्स (हॅश काढताना गणित किती वेळा फिरवायचं तो आकडा) वाढवा. मुळातले ५,००० आज फारच कमी पडतात. यस्क्रिप्ट मेमरीही भरपूर खातं, म्हणून ग्राफिक्स कार्डांवर ते फोडणं महाग पडतं. जमेल तिथं मी तेच ठेवतो.

बीक्रिप्ट ही आणखी एक पद्धत निवडत असाल तर ते फक्त पहिले ७२ बाइट बघतं. देवनागरीत काना, वेलांटी, हलन्त प्रत्येकी ३ बाइट घेतात. नुसतं 'कृष्णा' लिहिलं तरी १८ बाइट झाले.

आणि पॅमला हात लावताना रूटचं (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचं) एक टर्मिनल उघडं ठेवा. दुसऱ्या खिडकीत लॉगिन होईपर्यंत ते बंद करू नका.