एका गिअरबॉक्सचे भाग दुसऱ्यात टाकताय? या चुका टाळा

दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी चाकाचा वेग जुळवणारी रिंग, गेलाय. नवा सेट मिळत नाही, किंवा मिळतो त्या किमतीत गाडीच विकावीशी वाटते. मग कुर्ल्यातून नाहीतर गावातल्या भंगारवाल्याकडून त्याच जातीचा एक बॉक्स उचलला जातो. हाउसिंग तेच, बोल्टची भोकं तीच, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो, "एकच आहे साहेब, बिनधास्त टाका." तो खोटं बोलत नसतो, त्याने बॉक्स बाहेरून पाहिलेला असतो. कंपन्या एकच हाउसिंग अनेक मॉडेलना वापरतात आणि इंजिनाची ताकद, गाडीचं वजन, टायरचा आकार बघून आतली मांडणी बदलतात. अख्खा बॉक्स उचलून बसवला तर बहुतेक वेळा निभावतं. घोटाळा होतो तो दोन बॉक्स खोलून एकातलं चांगलं दुसऱ्यात घालताना.

जोडीतलं एकच चाक बदलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तिसऱ्या गिअरचा दाता तुटला, म्हणून तेवढं चाक दुसऱ्या बॉक्समधून घेतलं. बसतं, हाताने फिरतंही. गाडी रस्त्यावर आली की तिसऱ्यात शिट्टी सुरू. दोन चाकांचे दाते वर्षानुवर्षं एकमेकांच्या मापाने झिजलेले असतात, म्हणून चाक घ्यायचं तर जोडीचं चाकही त्याच बॉक्समधून घ्यावं. काउंटर शाफ्टवर (मुख्य शाफ्टला समांतर फिरणाऱ्या दुसऱ्या शाफ्टवर) दाते शाफ्टसकट एकाच तुकड्यात असतील, तर जोडीचं चाक म्हणजे अख्खा शाफ्ट, आणि मग त्यावर चालणारी बाकीची चाकंसुद्धा. खर्च वाढतो, पण बॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्यापेक्षा तो कमीच असतो.

यातली खरी मेख दात्यांच्या तिरपेपणात आहे. समजा मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) २.२५, तिरपा कोन ३० अंश आणि दोन्ही चाकांचे मिळून ४८ दाते. दोन शाफ्टमधलं अंतर येतं सुमारे ६२.३५ मिमी. आता तेवढ्याच अंतरात मिळून ४९ दाते बसवायचे असतील, तर कोन साधारण २८ अंशांवर आणला की झालं. म्हणजे दोन वेगळ्या रेशोच्या (दात्यांच्या गुणोत्तराच्या) जोड्या एकाच हाउसिंगमध्ये सुखाने राहतात, आणि दोन अंशांचा फरक डोळ्याला कळत नाही. एका जोडीचं चाक दुसऱ्या जोडीत गेलं की दाते पूर्ण रुंदीवर टेकत नाहीत. सगळा भार कडेवर येतो, आवाज येतो आणि पुढे कडा झडायला लागते. म्हणून मार्करने एका दात्यावर खूण करून दोन्ही जोड्यांच्या चारही चाकांचे दाते मोजा, आणि दोनदा मोजा. दाते जुळले तरी निळा (ठसा उमटवणारा रंग) लावून चाकं एकमेकांवर फिरवून पाहा. ठसा दात्याच्या मधोमध यायला हवा.

मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांच्या बॉक्समध्ये इनपुट शाफ्टचं चाक जास्त जपायचं. डायरेक्ट गिअर (इनपुट थेट आउटपुटला जोडणारा) सोडला तर सगळे गिअर त्या एका जोडीतून जातात. स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) जुळतेय म्हणून दुसरा इनपुट शाफ्ट घातला आणि त्याचा एक दाता कमी-जास्त निघाला, तर दोष सगळीकडे दिसेल आणि तुम्ही शोधत बसाल भलतीकडेच. क्राउन आणि पिनियनचंही (डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या चाकाचंही) तसंच, ते वेगळे करून वापरायचेच नाहीत.

नाव एक, बॉक्स दोन

याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतला बोर्ग-वॉर्नर टी-५. मस्टँग, कमारो अशा कितीतरी गाड्यांत हा पाच गिअरचा बॉक्स बसला. १९८५ पासून त्याची 'वर्ल्ड क्लास' आवृत्ती आली. बाहेरून फरक शोधावा लागतो, आत मात्र बराच फरक आहे. जुन्यात मेन शाफ्टवरची चाकं थेट शाफ्टवर फिरतात, नव्यात त्यांच्याखाली नीडल बेअरिंग आहेत. काउंटर शाफ्टला जुन्यात साधे रोलर, नव्यात टेपर रोलर. सिंक्रो रिंग जुन्यात पितळी, नव्यात अस्तर लावलेल्या, आणि त्या अस्तरासाठी ऑइलही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ एटीएफ. अशा बॉक्समध्ये सवयीने घट्ट गिअर ऑइल ओतलं, तर नव्या रिंग घालूनही गिअर अडखळतच पडेल. उलट, पितळी रिंगच्या बॉक्सला गाडीचं माहितीपुस्तक जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगत असेल, तर "जास्त भारी" म्हणून जीएल-५ घालू नका. भाग बदलला की ऑइलचा प्रश्न नव्याने विचारायचा, हे आपल्याकडे फार थोडे लोक करतात.

सिंक्रो, हब, स्लीव्ह

नवी रिंग चाकाच्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या निमुळत्या भागावर, दाबून धरा आणि मधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत नव्या रिंगला १ मिमीच्या आसपास फट असते, आणि ०.५ मिमीच्या खाली आली की रिंग बाद. दुसऱ्या मॉडेलची रिंग कोनाच्या उतारात किंचित वेगळी असली, तर फट बरोबर दिसूनही ती पकड घेत नाही. बोटाने दाबून फिरवली आणि ती गुळगुळीत सटकली, तर ठेवून द्या.

हब (शाफ्टवर बसलेला) आणि स्लीव्ह (त्यावर सरकून गिअर टाकणारी कडी) वेगळे करण्याआधी दोघांवर खूण करा, बाजू कोणती ते लिहून ठेवा. उलटा बसलेला हब बॉक्स बंद होईपर्यंत काही बोलत नाही. गिअर उडण्याची (आपोआप न्यूट्रलमध्ये येण्याची) तक्रार असेल तर स्लीव्हच्या दात्यांची टोकं आणि चाकाचे छोटे दाते भिंगाखाली बघा. त्यांना आतल्या बाजूला बारीक उलटा उतार असतो, तो झिजला की गिअर धरून राहत नाही. तिथे फक्त नवी स्प्रिंग टाकून भागत नाही.

बारीक वाटणाऱ्या गोष्टी

शिम (माप जुळवायची पातळ चकती) जुन्या बॉक्सच्या जुन्या बेअरिंगच्या मापाने लावलेली असते. हाउसिंग, शाफ्ट किंवा टेपर बेअरिंग यातलं काहीही बदललं की डायल गेज लावून नव्याने माप घ्यायचं. स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कची जाडी आणि स्लीव्हची खाच जुळतेय का पाहा. सिलेक्टर शाफ्टमधली इंटरलॉकची (एका वेळी एकच गिअर पडू देणारी) पिन राहिली तर दोन गिअर एकदम पडून बॉक्स जाम होऊ शकतो, आणि ती पिन इतकी छोटी असते की चिंध्यांत सहज हरवते. क्लच प्लेट नव्या शाफ्टवर आधी बाहेरच सरकवून बघा.

बाहेरचा पाचवा

अदलाबदल जमतच नाही असं मुळीच नाही. सुझुकीच्या बऱ्याच पुढच्या चाकांच्या बॉक्समध्ये पाचवा गिअर बाजूच्या कव्हरमागे असतो. फोक्सवॅगनच्या काही बॉक्समध्येही तसंच आहे, आणि हायवेवर चालणाऱ्या गाडीला लांब पाचवा घालणारे लोक परदेशात भरपूर आहेत. ०.८० च्या जागी ०.७२ ची जोडी घातली, तर ज्या वेगाला इंजिन ३००० फेरे घेत होतं तिथे २७०० घेईल. स्पीडोमीटर डिफरन्शियलवरून चालत असेल तर त्यावर परिणाम नाही. स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरून चालत असेल, तर मात्र फायनल ड्राइव्ह (क्राउन-पिनियनचा शेवटचा रेशो) बदलला की काटा चुकणार.

बंद करण्याआधी, आणि नंतर आवाज आला तर

टेबलावरच प्रत्येक गिअर टाकून इनपुट हाताने फिरवा आणि फेरे मोजा. पहिला ३.५ आणि फायनल ४.३ असेल, तर क्राउन एकदा फिरायला इनपुटचे १५ फेरे लागायला हवेत. कुठल्याही गिअरमध्ये ठराविक जागी जड जात असेल तर तिथेच थांबा.

गाडी सुरू केल्यावर न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबला की जातो, तर संशय इनपुट किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर. एकाच गिअरमध्ये येतो, तर ती जोडी. मागच्या चाकांच्या गाडीत डायरेक्ट गिअर सोडून सगळीकडे येतो, तर इनपुटची जोडी आणि काउंटर शाफ्ट. पहिले काहीशे किलोमीटर झाले की ऑइल काढून ड्रेन बोल्टचं चुंबक बघा. करड्या लोण्यासारखा थर चालतो. तुकडे दिसले तर बॉक्स परत खोलायचा, आणि या वेळी आधी दाते मोजायचे.