या चुका टाळा : सीएनसीच्या स्टेपर मोटरचा पॉवर सप्लाय बांधताना

देव्हाऱ्याच्या जाळ्या आणि नावाच्या पाट्या कापायला घरीच सीएनसी (संगणकाच्या हुकमावर कापणारं मशीन) बांधणारी पोरं आता जालना, लातूर, नांदेडकडे गल्लोगल्ली भेटतात. स्पिंडल, म्हणजे कापणारी मोटर, पारखून घेतात, मशीन सरकवणारा बॉलस्क्रू दहा जणांना विचारून मागवतात. पॉवर सप्लाय मात्र उरलेल्या पैशात आणि उरलेल्या वेळात उरकतात. मग ड्रायव्हर, म्हणजे स्टेपर मोटरला पायरी-पायरीने फिरवणारा बोर्ड, जळतो आणि फोन येतो, "काका, ड्रायव्हर डुप्लिकेट निघाला." बहुतेक वेळा ड्रायव्हर चांगला असतो. त्याला खायला काय घातलं, ते कुणी मोजलेलं नसतं.

ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा खरा धरणं

सगळ्यात जास्त ड्रायव्हर मारणारी चूक ही. अंबडकडच्या एका पोराने ३६ व्होल्टचा टोरॉइडल (कड्यासारखा गोल) ट्रान्सफॉर्मर घेतला. हिशोब त्याने केला होता : एसीचा डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवला की ३६ गुणिले १.४१४ म्हणजे ५०.९, एसीचा डीसी करणाऱ्या डायोडच्या ब्रिजमध्ये दोनेक व्होल्ट जातात, राहिले ४९. ड्रायव्हर डीएम५४२, त्याची कमाल मर्यादा ५०. कागदावर बरोबर बसलं. मशीन दिवसभर उत्तम चालायची. एका रात्री जाळी कापायला लावून जेवायला गेला, परत आला तर दोन ड्रायव्हर गेलेले. "काका, दिवसा काहीच होत नाही, मग रात्रीच कसं काय जळालं?"

त्याच्या घरी जाऊन मीटर लावला. दुपारी, पिठाची गिरणी आणि आसपासचे पंप चालू असताना, बोर्डात २०५ व्होल्ट. रात्री गिरणी बंद, पंप बंद, डीपीवर लोडच नाही, तेव्हा २५०. इथेच हिशोब फसला. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले ३६ व्होल्ट हे २३० व्होल्ट इनपुटला आणि पूर्ण लोडवर मिळतात. इनपुट २५० झालं की ३६ चे ३९ होतात. मोटर थांबलेल्या असतील, लोड नसेल, तर त्यावर आणखी पाच ते दहा टक्के चढतात. १.४१४ ने गुणा, डायोडचं वजा करा, कपॅसिटरवर ५८ च्या आसपास उभे राहतात. दुपारी तोच सप्लाय ४३ देत होता, म्हणून चालत होता. शिवाय जड गॅन्ट्री (मशीनची सरकणारी कमान) वेगात असताना एकदम थांबली की मोटर जनरेटरसारखी वागते आणि ती ऊर्जा उलटी कपॅसिटरमध्ये येते. तेवढी जागा वर मोकळी ठेवावीच लागते.

५० व्होल्टच्या ड्रायव्हरला मी २६ व्होल्टचं सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरचं बाहेर देणारं वाइंडिंग) वापरतो. साध्या वेळी ३५ च्या आसपास डीसी मिळतो आणि २५० व्होल्टच्या रात्रीही, बिनलोड, ४२ च्या वर जात नाही. स्वस्त टीबी६६०० ड्रायव्हर बोर्डांवर ४० किंवा ४२ छापलेलं असतं, त्यांना २२ व्होल्ट सेकंडरीच्या पुढे नेऊ नका. व्होल्टेज कमी केलं की जास्त वेगाला टॉर्क पडतो, हे खरं आहे. पण पहिल्या आठवड्यातच मिनिटाला पाच मीटर वेग हवा असणाऱ्यांचं मला पटत नाही. आधी मशीन सरळ रेषेत चालू द्या.

ट्रान्सफॉर्मर बाहेरून मागवायची गरजही नाही. पंपाच्या मोटरी भरणारे वाइंडिंगवाले आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला आहेत. २२, २४ आणि २६ असे टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजची तोंडं) काढून मागा. तीन अँपियरच्या तीन मोटर असतील तर बेरीज नऊ, पण सप्लायमधून त्याच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे सहा अँपियर धरले तरी पुरतात. ट्रान्सफॉर्मर ३०० व्हीएच्या खाली नको.

आणि ड्रायव्हर जोडण्याआधी बिनलोड डीसी मोजा. दुपारी एकदा, रात्री अकरानंतर एकदा. दोन दिवस थांबायची तयारी नसेल तर हे काम हातात घेऊ नये.

चालू सप्लायवर वायर काढणं

मोटर उलटी फिरते म्हणून चालू मशीनमध्येच प्लग उपसून वायर बदलणारे मी इतके पाहिलेत की आता राग येतो. मोटरच्या कॉइलमधला करंट एकदम तोडला की कॉइल उसळी मारते आणि ड्रायव्हरमधले मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे भाग, जातात. ठिणगी दिसेलच असं नाही. गोल एव्हिएशन प्लगची रिंग ढिली राहिली तरी हेच होतं, कंपनांनी तो आपोआप सुटतो.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे कपॅसिटर आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये स्विच बसवणं. चालू करताना भरलेला कपॅसिटर ड्रायव्हरवर एकदम कोसळतो, आणि मोटर थांबत असताना बंद केला तर उलट येणाऱ्या ऊर्जेला जायला वाट उरत नाही. स्विच आणि फ्यूज २३० च्या बाजूला घ्या. इमर्जन्सी बटणाने २३० तोडा आणि सोबत ड्रायव्हरची एनेबल लाइनही (ड्रायव्हरला चालू-बंद सांगणारी तार) बंद करा, कारण कपॅसिटरमध्ये थोडा वेळ जीव उरतो.

टोरॉइडचा बोल्ट

मधल्या बोल्टचं वरचं टोक पेटीच्या झाकणाला टेकलं की बोल्ट आणि पेटी मिळून एक बंद वेढा तयार होतो. त्या एका वेढ्यातून शेकडो अँपियर धावू शकतात. वरचं टोक मोकळंच हवं. पहिल्यांदा चालू करताना मी नेहमी १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर बंद करून चूक शोधा. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

चालू करताना एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी टाकू नका. मोठ्या टोरॉइडचा सुरुवातीचा झटकाच तसा असतो. एनटीसी (सुरुवातीचा झटका अडवणारा रेझिस्टर) आणि स्लो-ब्लो (क्षणभराच्या झटक्याने न उडणारा) फ्यूज लावा.

कपॅसिटर किती, याचा सोपा हिशोब : ८०,००० गुणिले अँपियर, भागिले व्होल्ट, उत्तर मायक्रोफॅरडमध्ये. सहा अँपियर आणि ३५ व्होल्टला पावणेचौदा हजार येतात. ४७०० चे तीन समांतर जोडले की झालं. ६३ व्होल्टचेच घ्या, आणि प्लस-मायनस दोनदा बघा.

ब्रिज ३५ अँपियरचा असला तरी सहा अँपियरला बारा वॅट उष्णता सोडतो. पेस्ट लावून अ‍ॅल्युमिनियमवर कसा.

प्रत्येक ड्रायव्हरला कपॅसिटरपासून वायरची स्वतंत्र जोडी न्या. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी करू नका.

तयार एसएमपीएस (बाजारात मिळणारा बंद डब्यातला डीसी सप्लाय) वापरणार असाल तर बाजूच्या बारीक खिडकीतला ११५/२३० चा स्विच आधी बघा. ११५ वर राहिलेला सप्लाय आपल्या लाईटवर पहिल्याच क्षणी फुटतो.

अर्थिंग

तिसऱ्या पिनमध्ये न्यूट्रलचा तुकडा जोडून "अर्थिंग केली" म्हणणारे वायरमन अजून आहेत. बाहेर न्यूट्रल तुटला की तुमची अख्खी फ्रेम जिवंत होते. पॉवर सप्लायमधली ही चूक थेट माणूस मारते, म्हणून इथे तडजोड नको. अर्थिंगचा खड्डा असला तरी आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. मार्चपासून खड्ड्यात नियमित पाणी घाला आणि चांगल्या वायरमनकडून रेझिस्टन्स तपासून घ्या. पेटी, गॅन्ट्री आणि स्पिंडलची बॉडी, तिन्ही अर्थला गेली पाहिजेत.

बंद केल्यावर

कपॅसिटरवर २.२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा. मिनिट-सव्वा मिनिटात व्होल्टेज पाचच्या खाली येतं. तरीही आत हात घालण्याआधी मीटर लावा. पेचकसाने शॉर्ट करून "डिस्चार्ज" करायची सवय सोडा, त्याने कपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यांनाही धोका आहे.

उष्णतेचं तेवढं बघा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दहा अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पेटीच्या बाहेरच ४२-४३ अंश असतात. १०५ अंशांचे कपॅसिटर घ्या, ब्रिजपासून लांब बसवा. पंख्याने हवा आत ओढायची तर तोंडाला फिल्टर लावा, कारण एमडीएफच्या लाकडी बोर्डाची धूळ ड्रायव्हरच्या हीटसिंकवर थर धरते. मी दर पंधरवड्याला ब्रशने झाडून घेतो, मशीन बंद, प्लग बाहेर.