बाइकच्या ड्राइव्ह बेल्टची अलाइनमेंट घरच्या घरी कशी चेक करायची

चेनवाल्या बाइकवरून बेल्टवाल्या बाइकवर आलेल्या बऱ्याच जणांना वाटतं की आता मागे बघायलाच नको. ऑइल लागत नाही, वंगण लागत नाही हे खरंच आहे, पण मागचं चाक जरासं जरी तिरकं बसलं असेल, म्हणजे अलाइनमेंट बिघडली असेल ना, तर बेल्ट एका बाजूला सरकतो, पुलीच्या कडेला जी उभी भिंत असते म्हणजे फ्लँज, तिला घासत राहतो आणि मग कडेने धागे सुटायला लागतात. आतले धागे अरामिड किंवा कार्बन फायबरचे, ओढायला प्रचंड दणकट, पण कड एकदा खराब झाली की तो बेल्ट बदलावाच लागतो. आणि बऱ्याच मॉडेल्सवर नवीन बेल्ट टाकायला स्विंगआर्म म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा उतरवावा लागतो, म्हणून अधूनमधून अर्धा तास काढून हे बघाच.

लागणाऱ्या वस्तू: तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल, टॉर्च, बेल्ट टेन्शन गेज (बेल्टवर ठरावीक जोर देऊन तो किती दबतो ते बघायचं साधन), टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना), अ‍ॅक्सलच्या (मागच्या चाकाच्या मधल्या दांड्याच्या) मापाचा पाना आणि एक जाड सरळ तार. तार कशाला ते पुढे सांगतो.

आधी नुसतं बघा. इंजिन बंद, गाडी थंड, गिअर न्यूट्रलमध्ये. मागच्या पुलीच्या फ्लँजवर आतून टॉर्च मारा. एकाच बाजूला चकचकीत घासलेला पट्टा दिसतोय का, काळी रबराची पूड साठली आहे का, बेल्टच्या एका कडेला केसासारखे धागे बाहेर आलेत का? यातलं काही दिसलं तर अलाइनमेंटवर पहिला संशय घ्या. गाडी चालताना चिवचिव आवाज येत असेल तर मात्र लगेच पाना हातात घेऊ नका, धुळीनेसुद्धा तसाच आवाज येतो, आधी साबणाच्या पाण्याने बेल्ट आणि पुली धुऊन वाळू द्या आणि मग ठरवा. दातांच्या मध्ये खडा अडकलाय का तेही बघून घ्या.

आता मागचं चाक स्टँडवर उचला आणि हाताने पुढच्या दिशेने सावकाश बरेच फेरे फिरवा. इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकून चाक फिरवायचं आणि वाकून बघायचं हे अजिबात, कधीही करू नका, बेल्ट आणि पुलीच्या मध्ये बोट गेलं तर ते तुटतं. हाताने फिरवतानासुद्धा टायरला धरा, बेल्टजवळ बोटं नेऊ नका. बेल्ट कुठे जाऊन स्थिरावतो ते बघायचं. अगदी मधोमध असलाच पाहिजे असं नाही, एका फ्लँजकडे थोडा झुकलेला किंवा हलकासा टेकलेला चालतो, पण जोराने दाबला जात असेल किंवा फ्लँजवर चढायला बघत असेल तर काम आहे. उलट फिरवल्यावर तो थोडा दुसरीकडे सरकतो, त्याने घाबरून जाऊ नका, आपल्याला पुढची दिशा महत्त्वाची.

मग माप. स्विंगआर्मवर चाकाची जागा दाखवणाऱ्या ज्या रेघा असतात त्यावर बरेच जण विसंबून राहतात, माझं स्पष्ट मत आहे की त्या फक्त अंदाजाला ठीक आहेत. खरं माप म्हणजे स्विंगआर्मच्या पिव्हट बोल्टच्या (ज्यावर तो गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो त्याच्या) मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि ते डावीकडे उजवीकडे सारखं पाहिजे. इथे ती तार कामाला येते. तिचं एक टोक काटकोनात वाकवा, ते पिव्हटच्या बरोब्बर मध्यभागी टेकवा आणि तारेवर घट्ट बसणारी रबरी रिंग सरकवत अ‍ॅक्सलच्या मध्यावर आणा. तीच तार, रिंग न हलवता, दुसऱ्या बाजूला लावा. रिंग मध्यावर आली तर चाक सरळ, पुढेमागे गेली तर तेवढाच फरक. किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये बघा, पण एक मिलिमीटरच्या आत आणायचं असं डोक्यात ठेवलंत की काम चांगलं होतं. डोळा रिंगच्या अगदी समोर ठेवा, तिरकं बघितलं की माप चुकतं.

फरक असेल तर अ‍ॅक्सल नट ढिला करा, पूर्ण काढू नका. सरळ करायला एकाच बाजूचा, चाक मागेपुढे सरकवणारा अ‍ॅडजस्टर फिरवायचा आणि टेन्शन कमीजास्त करायला दोन्ही अगदी सारखे. एका वेळी नटचा एक पैलू म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग एवढंच फिरवा, चाक फिरवून बघा, परत मोजा. अ‍ॅडजस्टर सैल केला असेल तर चाक पुढे ढकलून तो नीट टेकलाय ना ते बघा, नाहीतर माप बरोबर दिसतं आणि नट आवळला की सगळं हलतं.

टेन्शन याच्यासोबतच बघायचं कारण एक बदललं की दुसरं बदलतं. साधारण पद्धत अशी की खालच्या बाजूला दोन पुलींच्या मध्यावर गेजने 10 पौंड म्हणजे साडेचार किलोच्या आसपास जोर द्यायचा आणि बेल्ट किती दबतो ते मोजायचं. किती दबला पाहिजे, गाडी स्टँडवर पाहिजे की जमिनीवर, हे प्रत्येक मॉडेलला वेगळं आहे, ते मॅन्युअलप्रमाणेच करा. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा आणि जिथे सगळ्यात टाईट लागतो तिथलं माप धरा. जास्त टाईट ठेवला तर चाकाच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो.

शेवटी अ‍ॅक्सल नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, आणि आवळून झाल्यावर तार परत लावा, टेन्शन परत बघा, ही पायरी टाळू नका, कारण आवळतानाच चाक सरकतं. कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली पिन) असेल तर नवीन टाका, मागचा ब्रेक दाबून बघा, एक छोटी चक्कर मारून या आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्च मारा.

चाक मापाने सरळ आहे आणि तरी बेल्ट फ्लँजला दाबतोच आहे, असं झालं तर चाक मुद्दाम तिरकं करून बेल्ट मध्ये आणू नका, त्याने गाडीचं हँडलिंग बिघडतं. टायर बदलताना स्पेसर (चाकाच्या बाजूला अंतर ठेवणारी नळी) उलटसुलट बसलाय का, चाकाचं बेअरिंग किंवा स्विंगआर्मची बुश खेळतेय का, पुलीचे बोल्ट ढिले आहेत का ते बघा किंवा चांगल्या मेकॅनिककडून बघून घ्या. बेल्ट काढावा लागला तर पीळ देऊ नका, छोट्या गोलात दुमडू नका आणि काढण्याआधी त्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण काढून ठेवा, वापरलेला बेल्ट त्याच दिशेने परत बसवायचा असतो.