फॅमिली थेरपीत अमेरिकेतून पीएचडी करताय? या चुका टाळा

भारतात मानसशास्त्रात एमए किंवा एमएसडब्ल्यू करून अमेरिकेत कपल अँड फॅमिली थेरपीच्या पीएचडीला जाणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा बुद्धीमुळे अडत नाही, हिशेबामुळे अडते. इथे तीन हिशेब एकाच वेळी चालू असतात. संशोधनाच्या पदवीचा हिशेब विभाग ठेवतो. थेरपीच्या तासांवर अभ्यासक्रमाला मान्यता देणारी संस्था आणि राज्याचं लायसन्स बोर्ड यांची नजर असते. व्हिसाचे दिवस आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं कार्यालय मोजतं. या तिन्हींकडे एकत्र पाहणारा माणूस विद्यापीठात कुणी नसतो. ते काम पहिल्या सत्रापासून स्वतःच करावं लागतं.

लायसन्ससाठी पीएचडीला जाणं

सर्वांत महाग पडणारी गैरसमजूत हीच. अमेरिकेत 'लायसन्स्ड मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट' हा परवाना पन्नासही राज्यांत आहे आणि त्यासाठी मास्टर्स पुरते. मास्टर्स, त्यानंतर सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली, भरलेले थेरपीचे तास आणि परीक्षा, असा तो रस्ता आहे. पीएचडी ही संशोधक, प्राध्यापक आणि सुपरव्हायझर घडवण्यासाठी असते. फक्त क्लायंट पाहायचे असतील तर मास्टर्स करा, कित्येक वर्षं वाचतील.

याच्या जोडीचा दुसरा गैरसमज असा की ही पीएचडी झाली की 'सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करता येतं. येत नाही. तो परवाना वेगळा आहे आणि त्याला साधारणपणे मानसशास्त्रातलीच डॉक्टरेट लागते. मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन निदानाचे अहवाल लिहिणं हे तुमचं स्वप्न असेल तर क्लिनिकल किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजीकडे वळा.

एकाच नावाने शोधणं

'कपल अँड फॅमिली थेरपी' एवढंच टाकून शोधलं तर चांगले अभ्यासक्रम नजरेतून सुटतात. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात हेच नाव आहे. टेक्सास टेकमध्ये 'कपल, मॅरेज अँड फॅमिली थेरपी' आहे, ब्रिघम यंगमध्ये 'मॅरेज अँड फॅमिली थेरपी'. मिनेसोटात पदवी 'फॅमिली सोशल सायन्स'ची मिळते आणि थेरपी हे तिच्यातलं स्पेशलायझेशन असतं. म्हणून शोध नावावरून घेऊ नका. कोआम्फटी ही या क्षेत्रातल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावरची यादी उघडा. मान्यता विद्यापीठाला नसते, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला असते. एकाच विभागाच्या मास्टर्सला मान्यता आहे आणि पीएचडीला नाही, असंही असू शकतं. मान्यतेची मुदत कधी संपते तेही त्याच यादीत पाहून घ्या.

यादीत डीएमएफटी (डॉक्टर ऑफ मॅरेज अँड फॅमिली थेरपी) ही पदवीही दिसेल. ती व्यवसायाभिमुख डॉक्टरेट आहे. तिला विद्यावेतन बहुधा मिळत नाही आणि काही ठिकाणी ती पूर्ण ऑनलाइन चालते. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, मिळत नाही.

भारतातलं एमए 'मोजलं जाईल' असं धरून चालणं

कोआम्फटीच्या नियमांनुसार डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याचा पाया मास्टर्सच्या पातळीवर पक्का असावा लागतो. तुमचं मास्टर्स मान्यताप्राप्त नसेल, आणि भारतातलं नसतंच, तर राहिलेले विषय आणि प्रॅक्टिकम (देखरेखीखाली प्रत्यक्ष थेरपीचा सराव) तिथे जाऊन भरावे लागतात. यात सहज एक-दोन वर्षं वाढतात. प्रवेशपत्र हातात आल्यावर हे कळून उपयोग नाही. अर्ज करण्याआधीच अभ्यासक्रम संचालकांना आपल्या एमएच्या विषयांची यादी पाठवा आणि विचारा: यातलं काय धराल, काय करायला लावाल, आणि त्या जादा सत्रांना विद्यावेतन चालू राहील का? उत्तर ईमेलवरच घ्या.

स्टेटमेंटमध्ये 'मला लोकांना मदत करायची आहे'

अर्जासोबतच्या स्टेटमेंटमध्ये, म्हणजे उद्देश सांगणाऱ्या निबंधात, हे सगळेच लिहितात. पीएचडीचा प्रवेश गुणांपेक्षा जुळणीवर होतो. तुमचा प्रश्न कुठल्या प्राध्यापकाच्या कामाशी जुळतो आणि ते प्राध्यापक पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत का, हे त्यात महत्त्वाचं ठरतं. अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत संपते, म्हणून सप्टेंबरमध्येच त्या प्राध्यापकांना चार ओळींचा ईमेल पाठवा. आपला प्रश्न, त्यावर आजवर केलेलं काम, आणि 'येत्या वर्षी आपण विद्यार्थी घेणार आहात का', एवढं पुरे. आपल्या घरातल्या ताणतणावांची कहाणी स्टेटमेंटचं अर्धं पान खात असेल तर ती दोन ओळींवर आणा. तीन शिफारसपत्रांपैकी किमान एक तुमचं संशोधन जवळून पाहिलेल्या व्यक्तीचं हवं. विभागप्रमुखांनी केवळ पदामुळे दिलेलं गुळगुळीत पत्र नुकसानच करतं.

निधीसह ऑफर आली की घाईने होकार देऊ नका. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी '१५ एप्रिलच्या ठरावा'वर सही केलेली आहे. त्यानुसार निधी असलेल्या ऑफरचं उत्तर द्यायला त्या तारखेपर्यंत वेळ मिळतो. तेवढ्यात विचारून घ्या की विद्यावेतन नऊ महिन्यांचं आहे की बारा, किती वर्षांची हमी आहे, आणि शुल्कमाफीत विद्यापीठाचे इतर आकार व आरोग्य विमा येतो का. उन्हाळ्याचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. विद्यापीठाच्या क्लिनिकमधले क्लायंट जून-जुलैमध्ये थांबत नाहीत, विद्यावेतन मात्र थांबू शकतं.

तासांची वही ढिलाईने ठेवणं

कोआम्फटीच्या मानकांत पायाभूत प्रॅक्टिकमसाठी किमान ३०० तास प्रत्यक्ष थेरपी लागते आणि त्यातले किमान १०० तास 'रिलेशनल' लागतात, म्हणजे खोलीत जोडपं किंवा कुटुंबातल्या एकाहून अधिक व्यक्ती हव्यात. सोबत १०० तासांचं सुपरव्हिजन. त्यातले किमान ५० तास सुपरव्हायझरने तुमचं काम थेट किंवा रेकॉर्डिंगवर पाहून झालेले असावे लागतात. तुम्ही तोंडी सांगितलेली केस या ५० तासांत बसत नाही.

विद्यार्थी सापडतात ते याच दोन उपअटींत. ३०० तास भरतात, पण रिलेशनल तास ६०-७० वर अडकतात. याचं कारण असं की जोडपं ठरवून येतं एकदा, आणि पुढच्या वेळी एकटी बायको येते. त्या दिवशीचा तास वैयक्तिक धरला जातो. यावर उपाय सुरुवातीलाच करायचा असतो. केसेस वाटणाऱ्याला स्पष्ट सांगा की मला जोडपी आणि मुलांसह कुटुंबं हवीत, आणि दर महिन्याला रिलेशनल तासांचं प्रमाण एकूण तासांच्या एक-तृतीयांशाखाली गेलं आहे का ते पाहा. क्लायंट आलाच नाही तर तो तास धरायचा नाही. नोंदी लिहिण्यात गेलेला वेळही धरायचा नाही.

दुसरी अडचण बाहेरच्या संस्थेत येते. काही रुग्णालयांत आणि आश्रयगृहांत रेकॉर्डिंगला परवानगीच नसते. अशा ठिकाणी वर्ष काढलं तर ५० तासांची अट तशीच लोंबकळत राहते. जागा स्वीकारण्याआधी विचारा: व्हिडिओ चालेल का? नसेल तर सुपरव्हायझर सत्रात बसू शकतील का?

डॉक्टरेटच्या पातळीवर याशिवाय प्रगत अनुभव लागतो. किमान नऊ महिने आणि किमान दोन क्षेत्रांत. अध्यापन, सुपरव्हिजन, संशोधन, निधीसाठी प्रस्ताव लिहिणं अशी ती क्षेत्रं असतात. पुढे प्राध्यापक व्हायचं असेल तर सुपरव्हिजन सोडू नका, थेरपी शिकवणाऱ्या विभागांना तेच लागतं.

व्हिसाचं गणित शेवटच्या वर्षी मांडणं

विद्यापीठाबाहेरच्या संस्थेत प्रॅक्टिकम करायचं तर आधी सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची) परवानगी लागते, ती आय-२० या विद्यार्थी व्हिसाच्या कागदावर नोंदली जाते आणि त्यानंतरच पहिला क्लायंट पाहायचा. 'बिनपगारी आहे, चालतंय की' असं समजून आधीच सुरू करणं ही मोठी चूक आहे. पूर्णवेळ सीपीटी एकाच पदवी-पातळीवर १२ महिने किंवा जास्त झाली तर त्या पातळीची ओपीटी, म्हणजे पदवीच्या विषयात अमेरिकेत काम करण्याची परवानगी, जाते. आठवड्याला २० तास किंवा त्याहून कमी असलेली अर्धवेळ सीपीटी त्यात मोजत नाहीत.

खरी कोंडी पुढे होते. ओपीटी १२ महिन्यांची. मॅरेज अँड फॅमिली थेरपीचा अभ्यासक्रम-कोड ५१.१५०५ हा स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही, त्यामुळे त्या विषयांना मिळणारी ओपीटीची २४ महिन्यांची वाढ मिळत नाही. परवान्यासाठी मात्र कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ३,००० तास आणि किमान १०४ आठवड्यांचं सुपरव्हिजन लागतं. एक वर्षाच्या ओपीटीत हे बसत नाही. म्हणून परवाना हवाच असेल तर मास्टर्सनंतरचे किती तास पीएचडी चालू असतानाच धरता येतील, हे राज्याच्या बोर्डाकडून पहिल्याच वर्षी लेखी विचारा, आणि तसं काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सीपीटीत बसतं का हे आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा. नियम राज्यागणिक बदलतात. सीनियरच्या सल्ल्यावर विसंबू नका, तो वेगळ्या राज्यात परवाना घेत असू शकतो.

प्रबंधात नवरा-बायकोला दोन सुटी माणसं मानणं

१२० जोडप्यांची माहिती गोळा केली म्हणून ती २४० स्वतंत्र उत्तरं होत नाहीत. एका घरातल्या दोघांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात. साधं रिग्रेशन लावलं तर प्रमाण-त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता) चुकीची येते आणि त्यावर काढलेला निष्कर्ष प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत (डिफेन्समध्ये) टिकत नाही. यासाठी अ‍ॅक्टर-पार्टनर मॉडेल असतं. माझ्या ताणाचा माझ्या समाधानावर होणारा परिणाम आणि तुझ्या समाधानावर होणारा परिणाम ते वेगवेगळे मोजतं. स्त्री-पुरुष जोडप्यांत मॉडेलमधला 'पहिला' कोण आणि 'दुसरा' कोण ते लिंगावरून ठरतं. समलिंगी जोडप्यांत ही वाटणी मनमानी होते, त्यामुळे तिथे मॉडेल वेगळं बांधावं लागतं. हे प्रस्ताव लिहितानाच ठरवा. डायाडिक (जोडीच्या माहितीच्या) विश्लेषणाचा विषय दुसऱ्या वर्षापर्यंत घ्या आणि ते काम केलेली एक व्यक्ती प्रबंधाच्या समितीवर असू द्या.

माहिती गोळा करताना होणारे घोळ अगदी साधे असतात. जोडप्याचा कोड उत्तर देणाऱ्याला टाइप करायला लावला की एकजण ०४७ लिहितो, दुसरी ०७४, आणि दोन अनाथ ओळी उरतात. कोड लिंकमध्येच घाला. एकानेच दोन्ही फॉर्म भरलेत का हे ओळखायला दोघांना लग्नाचा महिना आणि वर्ष विचारा. मराठी जोडप्यांत इथेही फसगत होते. व्हिसासाठी नोंदणी आधी आणि विधी सहा महिन्यांनी, असं अनेकांचं असतं, म्हणून 'लग्नाच्या विधीचा महिना' असं स्पष्ट विचारा. दोघांना वेगळे ईमेल, वेगळी संमतीपत्रं हवीतच. मारहाणीबद्दलचे प्रश्न असतील तर दोघांचा मिळून एकच ईमेल असलेल्या घरात ते पाठवूच नका. उत्तर जोडीदाराच्या हाती पडलं तर त्याची किंमत सहभागी स्त्रीला मोजावी लागते.

मोजपट्टी निवडतानाही डोळे उघडे ठेवा. डायाडिक अ‍ॅडजस्टमेंट स्केल या जोडप्यांचं नातं मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या ३२ प्रश्नांत आईवडील व सासरच्यांशी कसं वागायचं यावर एकमत आहे का, असा प्रश्न आहे. १४ प्रश्नांच्या सुधारित आवृत्तीत तो नाही. प्रश्नावली छोटी हवी म्हणून ती आवृत्ती घेऊन न्यू जर्सीतल्या मराठी जोडप्यांवर वापरली, तर या घरांतल्या ताणाचा एक मोठा धागा मोजायचाच राहतो.

माहिती महाराष्ट्रात गोळा करायची असेल तर अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या नैतिक समितीची मंजुरी पुरत नाही, स्थानिक संस्थेच्या समितीचीही लागते. त्यासाठी वेळापत्रकात कित्येक महिने राखून ठेवा.

परत येण्याचा विचार शेवटी करणं

भारतात फॅमिली थेरपिस्ट असा स्वतंत्र परवाना नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते आणि अमेरिकेतली ही पीएचडी आपोआप तिथे चालत नाही. विद्यापीठात शिकवायचं असेल तर परदेशी पदवीची समकक्षता मिळवावी लागते. दोन्हींसाठी प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, तासांचे सही-शिक्क्याचे तक्ते आणि सुपरव्हायझरांचे परवाना क्रमांक मागितले जाऊ शकतात. पदवीनंतर विद्यापीठाचा ईमेल आणि तास नोंदवण्याची प्रणाली बंद होऊ शकते, सुपरव्हायझर नोकरी बदलतात. त्यामुळे दर सत्राच्या अखेरीस तक्त्यावर सही घ्या आणि त्याची पीडीएफ स्वतःच्या खात्यात उतरवून ठेवा.