आवाज अडवणारी मधली भिंत बांधताना या चुका टाळा

हॉलमध्ये टीव्ही आणि पलीकडे बारावीचा अभ्यास, असं घर असेल तर मधल्या भिंतीचं काहीतरी करावं असं वाटणारच. पण पैसे बहुतेकदा चुकीच्या जागी जातात.

सगळ्यात जास्त वाया जातात ते फोमवर. भिंतीला चिकटवलेला फोम त्याच खोलीतला घुमारा कमी करतो. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि फोमला, थर्माकोलला ते नसतंच. शिवाय साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम झटकन पेटतो, त्याचा धूर विषारी असतो. राहत्या घरात तो लावूच नका.

वजन हवं म्हणून नुसती भिंत जाड करणंही परवडत नाही. वजन दुप्पट केलं तरी फरक पडतो जेमतेम ५-६ डेसिबलचा. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. खरा फायदा एकमेकांना न चिकटलेल्या दोन थरांचा. जिप्सम बोर्डाची पडदी करताना दोन्ही बाजूंचे बोर्ड एकाच स्टडवर (बोर्ड धरणाऱ्या उभ्या पट्टीवर) ठोकले, तर कंपनं त्या स्टडमधूनच पलीकडे जातात. स्टडच्या दोन स्वतंत्र रांगा उभ्या करा, पोकळीत ग्लास वूल (काचेच्या तंतूंची लोकर) न दाबता भरा आणि दोन्हीकडे बोर्डाचे दोन-दोन थर असे लावा की सांध्यावर सांधा येणार नाही.

जुनी चार इंची विटांची भिंत असेल तर ती पाडू नका; तेवढ्याच जाडीची एएसी ब्लॉकची (सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) भिंत हलकी असते आणि आवाज जास्त सोडते. विटांच्या भिंतीपुढे बोर्ड लावताना मात्र जागा वाचवायला इंचभरच पोकळी ठेवतात, तिथे घोळ होतो. २५ मिमी पोकळी आणि एकच १२.५ मिमीचा बोर्ड ही जोडी १२५ हर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरते. म्हणजे टीव्हीचा बास आणि पुरुषांचा खर्जातला आवाज आधीपेक्षा जास्तच ऐकू येऊ शकतो. १०० मिमी पोकळी, ग्लास वूल आणि दोन बोर्ड घेतले तर ही थरथर ५० हर्ट्झच्या खाली जाते. खोली थोडी लहान होईल, पण यात काटकसर नको.

आणि फटी! ९ चौरस मीटरच्या भिंतीत ९० सेंमी रुंद दाराखाली १ सेंमी फट राहिली, तर ती भिंतीच्या हजाराव्या भागाएवढी होते. तेवढ्याने सगळं काम ३० डेसिबलच्या पुढे जात नाही, भिंत कितीही भारी असो. आता बेडरूमला उंबरठा नसतो, म्हणून दाराखाली ड्रॉप सील (दार लावलं की खाली उतरून फट बुजवणारी पट्टी) आणि चौकटीला रबरी पट्टी हवीच. दारही पोकळ नको, भरीव फ्लश डोअर घ्या. दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू देऊ नका. पडदी फॉल्स सीलिंगपाशी न थांबवता वरच्या स्लॅबपर्यंत न्या, नाहीतर आवाज छतावरून फिरून येतो. कडेच्या सांध्यांत पुट्टी भरू नका, ती तडकते; लवचिक अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा.

रंग लावण्याआधी रात्री एका खोलीतले दिवे बंद करून दुसऱ्या बाजूने कडांवर टॉर्च फिरवा. जिथून उजेड येईल तिथून आवाजही येणार. तेवढं रंगाऱ्याला बोलावण्याआधीच बुजवून घ्या.