इन्सुलेटर घेण्याआधी उन्हात धरून पाहा

तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या खांबांवरचे जुने काचेचे इन्सुलेटर (तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून बसवलेले काचेचे नग) जमवणारे अमेरिकेतले हौशी लोक कुणाच्या तरी परसात टेबलं मांडून अदलाबदल करतात. तिथे जाणार असाल तर सकाळीच जा.

मालकाला विचारून नग दोन्ही हातांनी उचला आणि सूर्याकडे धरून सावकाश फिरवा. टेबलावर न दिसलेली केसाएवढी चीर उन्हात लख्खकन चमकते. खालच्या कडेवरून नख फिरवा, बोट नको. टवका उडालेला असेल तर नख अडतं. मग आत डोकावा. खांबावरच्या खुंटीवर फिरवून बसवण्यासाठीचे आटे नाहीत म्हणून नग बाजूला ठेवू नका! आट्यांचं पेटंट लुई कोव्हे यांना १८६५ साली मिळालं, त्यामुळे बिनआट्याचा नग बहुधा फार जुना आणि मोलाचा असतो.

हेमिंग्रे कंपनीचा ‘हेमिंग्रे ४२’ हा नमुना मात्र ढिगाने मिळतो. नेहमीच्या निळसर-हिरव्या रंगात त्याला जास्त पैसे मोजू नका. जांभळा रंग फारच गडद वाटला तर तो मुद्दाम किरणोत्सर्गाने आणलाय का, हे स्पष्ट विचारा. मला असे नग संग्रहात नकोच वाटतात.

सुटे पैसे न्या. जुनी वर्तमानपत्रंही न्या, कारण परतीच्या वाटेवर काच काचेवर आपटूनच टवके उडतात.